रायवळ व्हिस्कीच्या मागावर: लीथ, एल्गिन, कॅम्बलटाउन

पहिला दिवस: लीथ

नणंदेने समोर ठेवलेल्या हिरव्या बाटलीवर डिस्टिलरीचं नावच नव्हतं. नुसता आकडा. ३९, मग टिंब, मग आणखी एक आकडा. "वहिनी, आधी नुसता वास घे. नाव नंतर सांगते," ती म्हणाली.

लीथ म्हणजे एडिनबऱ्याचं बंदर. तिथे स्कॉच मॉल्ट व्हिस्की सोसायटीची 'द व्हॉल्ट्स' नावाची जुनी दगडी इमारत आहे. एके काळी तिच्या तळघरांत वाइनची पिंपं ठेवत. नणंद सोसायटीची सभासद आहे, बारा वर्षं एडिनबऱ्यात नोकरी करते, आणि दोन वर्षांपासून माझ्या मागे लागली होती की एकदा ये, आठवडाभर राहा, तुला एकेका पिंपाची व्हिस्की चाखवते. या ऑक्टोबरात, कोजागिरीच्या आठवड्यात, जमलं. विमान, व्हिसा वगैरे सगळं सरळ झालं, त्यामुळे त्यावर लिहीत नाही.

पेला नाकाशी नेला. पहिल्यांदा फक्त दारूचा झणका. नणंद म्हणाली, तोंड किंचित उघडं ठेव. मग आलं: हिरवं सफरचंद, दुर्वा खुडल्यावर बोटांना येतो तो वास, आणि मागून मेण. चमचाभर पाणी घातल्यावर मेण पुढे आलं आणि सफरचंदाचा पेरू झाला. खरंच पेरू, अर्धा कच्चा, मीठ लावलेला.

३९ म्हणजे लिंकवुड, एल्गिनची डिस्टिलरी. सोसायटी १९८३ साली पिप हिल्स आणि त्यांच्या मित्रांनी सुरू केली. मुळात मित्रांनी वर्गणी काढून ग्लेनफार्क्लसचं एक पिंप घेतलं होतं, म्हणून त्यांच्या यादीत १ हा आकडा ग्लेनफार्क्लसचा. आपल्या देखरेखीबाहेर भरलेल्या बाटलीवर आपलं नाव यावं, हे डिस्टिलऱ्यांना नको असतं. म्हणून नावाऐवजी आकडा. टिंबानंतरचा आकडा म्हणजे त्या डिस्टिलरीचं कितवं पिंप.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपण दुकानात बघतो ती सिंगल मॉल्ट, म्हणजे मोड आणलेल्या जवाची व्हिस्की, एकाच डिस्टिलरीची असते, पण एका पिंपाची नसते. शेकडो पिंपं एकत्र करून, पाणी घालून, दर वर्षी तीच चव येईल अशी ती जुळवतात. बऱ्याच कंपन्या रंगासाठी कॅरमेलही घालतात. सिंगल कास्क म्हणजे एकच पिंप, दुसऱ्या कशातही न मिसळलेलं. इंडिपेंडंट बॉटलर म्हणजे डिस्टिलरीकडून पिंप विकत घेऊन, मुरवून, स्वतःच्या लेबलाखाली भरणारे व्यापारी. ते बहुतेक वेळा पाणी न घालता, पिंपातल्याच तीव्रतेला भरतात. ते पिंप संपलं की संपलं.

माझं माहेर राजापूरजवळचं. आमच्याकडे हापूसची कलमं आहेत, पण बाबांचा जीव रायवळांवर. हापूसचं कलम कुठलंही घ्या, आंबा हापूसच. रायवळ कोयीतून उगवतो, म्हणून प्रत्येक झाड वेगळं आणि प्रत्येक झाडाला नाव: शेंदऱ्या, केळ्या, गोटी, खोबऱ्या. शेंदऱ्याची कोय लावली तरी शेंदऱ्या येत नाही. सोफ्यावर बसून ३९ नंबरचा दुसरा घोट घेताना मला हे पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. ही रायवळ व्हिस्की आहे. पुढचे पाच दिवस मी त्याच नजरेने, म्हणजे त्याच नाकाने, फिरले.

जाणाऱ्यांसाठी: व्हॉल्ट्सला सभासदाबरोबर जाता येतं. ओळखीत कुणी सभासद नसेल तर एडिनबऱ्यातच कॅननगेटवर कॅडनहेड्स या इंडिपेंडंट बॉटलरचं छोटं दुकान आहे, ते अजिबात चुकवू नका. स्कॉटलंडमध्ये दुकानातली दारूविक्री सकाळी दहा ते रात्री दहाच चालते.

दुसरा दिवस: एल्गिन

अॅबर्डीनला गाडी बदलून दुपारी एल्गिन. जिकडे बघावं तिकडे कापलेल्या जवाच्या शेतांचा पिवळा रंग, आणि त्यावर ऊन-पाऊस असा चालू होता की डब्यातली लहान मुलं इंद्रधनुष्यं मोजत होती.

जेवायला कलन स्किंक. कलन हे इथून जवळचं समुद्रकाठचं गाव, आणि हे त्या गावचं सूप: धुरावलेला हॅडॉक मासा, बटाटा, कांदा, दूध. दुधात मासा म्हटल्यावर माझ्यातली कोकणी बाई थबकली. पहिल्या चमच्यानंतर मी वाटी खाली ठेवली नाही. धुराचा वास दुधात विरघळून इतका मऊ होतो की तिखटाची आठवणही येत नाही.

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या आजींना लिंकवुडबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, बघायला आत सोडत नाहीत, पण चालत जा, तळ्यावर हंस असतात.

तिसरा दिवस: एल्गिनच

सकाळी चालत लिंकवुडला गेलो. गावाच्या कडेला आहे, फार तर अर्धा तास. १८२१ सालची डिस्टिलरी. इथली बहुतेक व्हिस्की ब्लेंडमध्ये, म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांच्या मिश्रणात, जाते, त्यामुळे हिचं नाव आपल्याकडे कुणी ऐकलेलं नसतं. तळ्यावर हंसांची जोडी होती. हवेत उकडलेल्या धान्याचा गोडसर वास होता, आंबोळीचं पीठ आंबून वर आल्यावर येतो त्याच्या जवळचा. इथे फार पूर्वी रॉडरिक मॅकेन्झी नावाचे व्यवस्थापक होते. ते भट्टीघरातली कोळ्यांची जाळीसुद्धा काढू देत नसत, चव बदलेल म्हणून, असं सांगतात. मला हे वेडगळ वाटत नाही. आमच्या आजीची लोणच्याची बरणी माडीवर जिथे असायची तिथून तिने ती कधी हलवू दिली नाही.

मग साउथ स्ट्रीटवरचं गॉर्डन अँड मॅकफेल. १८९५ साली हे किराणा, चहा, वाइन आणि दारूचं दुकान म्हणून सुरू झालं. जॉन अर्कर्ट तिथे उमेदवार म्हणून लागले, पुढे भागीदार झाले, आणि आजही धंदा अर्कर्ट घराण्याकडे आहे. त्यांची पद्धत वेगळी. इतर व्यापारी बरेचदा मुरलेली पिंपं विकत घेतात. हे स्वतः निवडलेली रिकामी पिंपं डिस्टिलरीत पाठवायचे आणि ताजी गाळलेली दारू त्यात भरून घ्यायचे. मग वाट बघायची. १९४० च्या फेब्रुवारीत, महायुद्ध चालू असताना, जॉन अर्कर्ट आणि त्यांचा मुलगा जॉर्ज यांनी ग्लेनलिव्हेट डिस्टिलरीत एक शेरीचं (शेरी म्हणजे स्पेनची कडक वाइन) पिंप असंच भरून घेतलं. ते २०२० साली उघडलं आणि पुढल्या वर्षी विक्रीला आलं, ८० वर्षांची व्हिस्की, फक्त २५० बाटल्या. ज्यांनी भरली त्यांनी ती चाखली नाही. नातवंडांनी चाखली.

काउंटरवरच्या मुलीला मी विचारलं, लिंकवुड आहे का, शेरीच्या पिंपातलं? होतं. लीथला चाखलं ते आधी एकदोनदा वापरलेल्या पिंपातलं होतं, रंगाने फिकट, वाळलेल्या गवतासारखं. हे तांबूस. वास घेतला तर मनुका, लिंबाच्या जुन्या लोणच्याचा काळसर रस, आणि किंचित जायफळ. पण गिळल्यावर, अगदी शेवटी, ते मेण आलं. तेच. मी नणंदेकडे बघितलं. तिलाही लागलं होतं. दोन वेगळी झाडं, पण माती एक.

त्याच मुलीने एक गोष्ट सांगितली, ती दिवसभर मनातून गेली नाही. २०२३ मध्ये घराण्याने जाहीर केलं की २०२४ पासून दुसऱ्यांच्या डिस्टिलऱ्यांची दारू नव्या पिंपांत भरायची नाही, यापुढे फक्त स्वतःच्या डिस्टिलऱ्यांवर लक्ष द्यायचं. गोदामात मुरत असलेला साठा पुढची कितीतरी वर्षं बाहेर येत राहील. पण सव्वाशे वर्षं चाललेली एक पद्धत थांबली. तिने हे शांतपणे सांगितलं आणि पेला धुवायला गेली.

दुपारी एल्गिनच्या मोडक्या कॅथेड्रलमध्ये बसलो. छप्पर नाही, नुसते कमानींचे सांगाडे आणि पाऊस.

व्हिस्की घेणाऱ्यांसाठी एक सूचना. लेबलवर बघा: गाळल्याचं वर्ष, भरल्याचं वर्ष, पिंपाचा प्रकार, पिंपाचा नंबर, एकूण बाटल्या, तीव्रता. एवढं सगळं छापलेलं असेल तर विकणारा काही लपवत नाही. आणि ५५-६० टक्क्यांच्या दारूला पाणी घालायला लाजू नका. थेंबाथेंबाने घाला, दर वेळी पुन्हा वास घ्या.

चौथा दिवस

इनव्हरनेसमार्गे ग्लासगो. दिवसभर गाडी, दिवसभर पाऊस.

पाचवा दिवस: ग्लासगो ते कॅम्बलटाउन

कॅम्बलटाउनला रेल्वे नाही. ग्लासगोच्या बुकॅनन बसस्थानकावरून बस, चार तासांच्या वर. आम्हाला सहा लागले. लॉक लोमंड संपून अॅरोकर गेलं की 'रेस्ट अँड बी थँकफुल' नावाचा घाट लागतो. अठराव्या शतकात सैनिकांनी हा रस्ता बांधला आणि माथ्यावरच्या दगडावर हे शब्द कोरले: विसावा घ्या आणि कृतज्ञ राहा. वरच्या उतारावरून दरड यायची भीती होती, म्हणून मोठा रस्ता बंद. गाड्या खालच्या जुन्या लष्करी रस्त्याने, पुढे वाटाड्या गाडी घालून, एका वेळी एका दिशेने सोडत होते. आंबा घाटात पावसाळ्यात अडकलेल्यांना हे समजेल. फरक एवढाच की इथे कुणी हॉर्न वाजवला नाही.

त्या खोळंब्यामुळे शेजारच्या आजोबांशी ओळख झाली. पिंपं बनवण्यात आणि दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. अमेरिकेत बर्बनसाठी, म्हणजे तिथल्या मक्याच्या व्हिस्कीसाठी, कायद्याने नवंच जाळलेलं ओक लागतं, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं स्वस्तात इकडे येतात. ती सुटी करायची, जास्तीच्या फळ्या आणि मोठी तोंडं लावून सुमारे २५० लिटरचं हॉगशेड बांधायचं. खिळा नाही, गोंद नाही. तोंडाच्या फळ्यांच्या फटीत काय भरतात म्हणाल तर वाळवलेलं पाणकणीस. ते ओलं झालं की फुगतं आणि फट बंद. बोलता बोलता त्यांनी अंगठ्याने हवेतच एक फट दाबून दाखवली. त्यांच्या अंगठ्याचं नख उभं चिरलेलं होतं आणि तसंच वाढलेलं होतं.

मी त्यांना विचारलं, एकाच झाडाच्या लाकडाची दोन पिंपं सारखी होतात का? ते म्हणाले, "नाही, ताई." म्हणजे ते इंग्रजीत 'लास' (पोरी) म्हणाले, पण मला ते 'ताई'च ऐकू आलं.

कॅम्बलटाउनला पोचलो तेव्हा आकाश धुऊन निघालं होतं. कोजागिरी होती. नणंदेने वेलची, केशर, जायफळाची पूड एडिनबऱ्याहून डबीत आणली होती. घरमालकिणीने दूध आणि पातेलं दिलं आणि स्वतःही खुर्ची ओढून बसली. खाडीवर चंद्र आला तेव्हा तिघी दारात कप घेऊन उभ्या होतो. तिला 'को जागर्ति' समजावून सांगितलं: लक्ष्मी विचारत फिरते, कोण जागं आहे? ती म्हणाली, इथे रात्री जागा असायचा तो भट्टीवाला. एकोणिसाव्या शतकात या एवढ्याशा गावात वीसहून जास्त भट्ट्या होत्या. त्यांतल्या आज तीन चालू आहेत: स्प्रिंगबँक, ग्लेन स्कॉशिया, आणि २००४ मध्ये पुन्हा पेटलेली ग्लेनगाईल. त्या रात्री आम्ही व्हिस्कीला हात लावला नाही.

सहावा दिवस: दावार आणि गोदाम

पौर्णिमेची दुसरी सकाळ म्हणजे उधाण, आणि उधाणाच्या ओहोटीला पाणी खूप मागे जातं, हे कोकणात पोरासोरांनाही माहीत असतं. गावासमोर दावार बेट आहे आणि ओहोटीला तिथे जाणारी गोट्यांची वाट उघडी पडते. वेळापत्रक बघितलं तर ओहोटी सकाळीच. उजाडायच्या आधी निघालो. बेटावरच्या गुहेत येशूच्या क्रूसावरच्या मरणाचं चित्र आहे. १८८७ मध्ये आर्चिबाल्ड मॅकिनन या स्थानिक चित्रकाराने ते गुपचूप काढलं. भिंतीवरून पाणी पाझरत होतं आणि चेहरा ओला होता. (भांगाच्या दिवसांत ही वाट कमी वेळ उघडी असते. वेळ बघितल्याशिवाय जाऊ नका आणि परतायला उशीर करू नका. बूट घोट्यापर्यंतचे हवेत.)

दुपारी ज्यासाठी आलो ते. कॅडनहेड्स ही स्कॉटलंडमधली सर्वांत जुनी इंडिपेंडंट बॉटलर, १८४२ साली अॅबर्डीनमध्ये सुरू झालेली. १९७२ मध्ये स्प्रिंगबँकच्या मालकांनी ती घेतली आणि कॅम्बलटाउनला आणली. इथे गोदामात बसून थेट पिंपातून चाखता येतं. जागा थोड्या, फार आधी नोंदवावं लागतं.

बुटकं दगडी गोदाम, मातीची जमीन, तीनावर तीन रचलेली पिंपं. आत शिरताच ओल्या मातीचा, जुन्या लाकडाचा आणि पिकल्या फळांचा वास एकत्र येतो. पडवीत आढी घातल्यावर पाचव्या दिवशी तिथलं दार उघडलं की येतो तसा. पिंपातून दर वर्षी सुमारे दोन टक्के उडून जातं, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्या गोव्यात उष्म्याने त्याच्या कितीतरी पट जातं, म्हणून तिथली सिंगल मॉल्ट लवकर मुरते. इथे वीस-पंचवीस वर्षं निवांत पडून राहते.

दाखवणारी मुलगी पंचविशीची असेल. तिने लाकडी मोगरीने बुचाच्या दोन्ही बाजूंच्या फळीवर ठोके दिले. बुचावर नाही, बाजूला. चौथ्या ठोक्याला बुच आपोआप वर उसळलं. तांब्याची लांब नळी आत सोडली, वरचं भोक अंगठ्याने दाबलं, नळी उचलली, पेल्यावर आणून अंगठा काढला.

तिने दोन पिंपं शेजारी शेजारी उघडली. स्पेसाइडच्या, म्हणजे एल्गिनकडच्या भागातल्या, एका डिस्टिलरीची. कराराप्रमाणे नाव घेता येत नाही म्हणाली. एकाच दिवशी, एकाच भट्टीतून, एकाच प्रकारच्या हॉगशेडमध्ये भरलेली. नंबर लागोपाठचे. इतकी वर्षं एकमेकांना टेकून झोपलेली.

पहिल्याचे दोन थेंब तिने आम्हाला तळहातावर चोळायला सांगितले. दारू उडून गेली आणि हाताला भाजलेल्या सातूच्या पिठाचा वास राहिला. पेल्याच्या तळाशी कोळशाचे बारीक काळे कण होते, पिंपाच्या आतल्या जळक्या सालीचे. चव मधाची, मग आलं, मग लगेच कोरडी. चांगली, स्वच्छ, सरळ.

दुसऱ्याचा पेला हातात घेतला आणि मी गप्प झाले. ओलं खोबरं. नुसतं खोबरं नाही, खोबरं आणि केशरी गर आणि शेवटी देठाजवळचा किंचित चीक. आमचा खोबऱ्या.

तो आंबा बाबांचा आवडता. परसातलं झाड, त्यांच्या आजोबांच्या हातचं. २०२१ च्या तौक्ते वादळात मुळासकट गेलं. आम्ही कोयी लावल्या होत्या, तीन जगल्या, एकीला फळ धरलं, ते वेगळंच निघालं. अमेरिकन ओकच्या पिंपातल्या व्हिस्कीला खोबऱ्याचा वास येतो तो लाकडातल्या एका द्रव्यामुळे, हे मी वाचलेलं होतं. तरी डोळे भरायचे ते भरले. नणंदेने काही विचारलं नाही, पाण्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं. मी पाणी घातलं नाही.

मुलीने विचारलं तेव्हा मी सांगितलं. झाड, बाबा, वादळ, सगळं. तिने ऐकून घेतलं, मग पिंपावर बोटाच्या पेराने टकटक करत खाली खाली गेली आणि एका जागी आवाज बदलला तिथे थांबली. अर्ध्याच्याही खाली. शेजारच्यात बरंच जास्त होतं. दुसऱ्याची एक फळी कुठेतरी सैल असणार, म्हणाली, म्हणून हे जास्त उडालं. लवकर भरावं लागेल, बाटल्या थोड्याच होतील.

त्या बाटल्या अजून भरल्या गेल्या नव्हत्या, मला काही मिळाली नाही. दुकानातून मी लिंकवुड घेतली, एका हॉगशेडची.

आणताना लक्षात ठेवा: भारतात माणशी दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते. ७० टक्क्यांच्या वरची विमानात चालत नाही. बाटली चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. घरी आल्यावर उभीच ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली तर एवढी तीव्र दारू बुच खाते. आणि तिथे गाडी चालवणार असाल तर चाखू नका. स्कॉटलंडची मर्यादा २०१४ पासून इंग्लंडपेक्षा कडक आहे. चालकासाठी छोट्या बाटलीत भरून मिळतं का, ते विचारा, बऱ्याच ठिकाणी देतात.

बाटली सध्या आमच्या कपाटात आहे. मे महिन्यात राजापूरला नेणार आहे. बाबा दारू पीत नाहीत, पण वास घेतो म्हणालेत.